शिणलेल्या हातांचा हिशेब

चैत्र शुद्ध नवमीस वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे जी यात्रा भरते, तिची ओळख महाराष्ट्रास नव्याने करून द्यावयास नको. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे देवस्थान यांमुळे मानोरा तालुक्यातील हे लहानसे गाव बंजारा समाजाची काशी ठरले आहे. महाराष्ट्राच्या सर्व विभागांतून, तसेच तेलंगण, कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश या राज्यांतून लाखो भाविक तेथे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि शतकानुशतके उपेक्षेत राहिलेल्या एका कष्टाळू समाजाच्या इतिहासाला योग्य ते दालन मिळाले. या गोष्टीचा आनंद कोणाही मराठी माणसास होईल. परंतु ज्या पंचक्रोशीवर वर्षातील काही दिवस लाखो माणसांचा भार पडतो, तिच्या आरोग्याचा भार वर्षाचे ३६५ दिवस कोणाच्या खांद्यावर असतो, हा प्रश्न मात्र समारंभांच्या गर्दीत कोणी विचारीत नाही. तो भार प्रामुख्याने परिचारिकेच्या आणि आरोग्य सेविकेच्या खांद्यावर असतो. ते खांदे आता वाकू लागले आहेत. आज आम्ही या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

परिचारिका थकते, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. शेतकरी थकतो, गिरणीतला कामगार थकतो, कारकूनही थकतो. रात्रीची झोप आणि आठवड्याची सुट्टी यांनी उतरतो तो थकवा. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो शीण सुट्टीने उतरत नाही. इंग्रजीत त्यास ‘बर्नआऊट’ अशी संज्ञा आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने परोपकाराच्या कामात गढलेल्या माणसांच्या संदर्भात ती प्रथम शास्त्रीय चर्चेत आणली. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने १९८१ मध्ये तिचे मोजमाप तयार केले आणि तिची तीन लक्षणे सांगितली. पहिले लक्षण म्हणजे भावनांचा साठा आटणे, दुसरे म्हणजे समोरचे माणूस माणूस न वाटता नुसता खाटेचा क्रमांक वाटू लागणे, आणि तिसरे म्हणजे आपल्या हातून काही चांगले होत आहे ही खात्रीच नाहीशी होणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हा भेद बारकाईने ध्यानात घेतला पाहिजे. संघटनेने दोषाचे मूळ माणसाच्या मनात न शोधता कामाच्या मांडणीत शोधले आहे. आपल्या भाषेत मन करपणे असा शब्दप्रयोग आहे. आच कोणी लावली हे न पाहता करपलेल्या भाकरीस दोष देण्यात काय हशील?

ही आच कशी लागते, हे समजण्यास अंकगणित पुरेसे आहे. केंद्र सरकारच्या २०१२ सालच्या सार्वजनिक आरोग्य मानकांत प्राथमिक आरोग्य केंद्रास किमान ३ परिचारिका सांगितल्या होत्या, आणि जेथे प्रसूतींची संख्या अधिक तेथे ४. केंद्र अहोरात्र चालावयाचे तर दिवसाच्या ३ पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१ पाळ्या झाल्या. आठवड्याची एक सुट्टी धरली तर एक परिचारिका ६ पाळ्या करू शकते. तिघी मिळून १८ पाळ्या होतात. म्हणजे कागदावरची सर्व पदे भरलेली असली, कोणी आजारी नसले, कोणी रजेवर नसले, तरीही दर आठवड्यास ३ पाळ्या उघड्या पडतात. चौथी परिचारिका आली की हिशेब जेमतेम जुळतो आणि वर्षाकाठी प्रत्येकीच्या वाट्यास ३९ पाळ्या मोकळ्या येतात. हक्काची रजा, सणवार, आजारपण, प्रशिक्षण, घरातील लग्नकार्य आणि मर्तिक हे सर्व त्या ३९ मध्ये बसवावयाचे. त्यातच एखादी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली, की उरलेल्या तिघी पुन्हा मूळ पदावर येतात. आणि हे सर्व पाळीत एकच परिचारिका पुरते असे धरून! एका रात्री दोन बायका अडल्या तर काय करावयाचे, याचे उत्तर या गणितात नाही.

प्रसूतीच्या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे या उणिवेचा अर्थ कळतो. कळा सुरू असता बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजावयाचे असतात. बाळ जन्मल्यानंतर पहिले दोन तास मातेची नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव दर १५ मिनिटांनी पाहावा, असा दंडक आहे, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव घटकाभरात जीव घेतो. त्याच वेळी नवजात अर्भकास ऊब द्यावयाची, श्वास पाहावयाचा, अंगावर लावावयाचे. बाहेर ओसरीवर सर्पदंशाचा रुग्ण आला तर त्यासही पाहावयाचे. या सर्वांची नोंद वहीत करावयाची आणि तीच नोंद पुन्हा संगणकावर चढवावयाची. दोन ठिकाणी एकाच वेळी एक माणूस असू शकत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. परिचारिकेने तो मोडावा अशी आमची शासनव्यवस्था रोज अपेक्षा करते, आणि तो तिला मोडता आला नाही म्हणजे कारणे दाखवा अशी नोटीस देते.

मानोरा तालुक्यासारख्या भागात या अडचणीस आणखी दोन पदर आहेत. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकसंख्येस एक आणि डोंगरी, आदिवासी वा दुर्गम भागात ३,००० लोकसंख्येस एक, हे माप देशभर चालत आले. हे माप डोकी मोजते, वाटा मोजीत नाही. बंजारा समाजाची वस्ती गावकुसाबाहेर, माळरानावर, एकमेकांपासून दूर असलेल्या तांड्यांत आहे. पाच हजार माणसे एका बाजारपेठेत राहतात तेव्हा आणि तीच पाच हजार माणसे विखुरलेल्या तांड्यांत राहतात तेव्हा सेविकेच्या पायांना पडणारे श्रम सारखे कसे असतील? शिवाय महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत गणला जातो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे केवळ आदिवासी म्हणून मिळणारी मापातील सवलत त्याच्या तांड्यांच्या वाट्यास आपोआप येत नाही.

दुसरा पदर स्थलांतराचा आहे. दिवाळीच्या सुमारास तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडीस निघतात आणि हंगाम सरता सरता, गुढीपाडव्याच्या आगेमागे, परततात. नोंदवहीतली गरोदर बाई साखर कारखान्याच्या तळावर गेलेली असते, तिचे धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी राहून गेलेली असते, लेकराच्या लसींचा क्रम तुटलेला असतो. ती परतली की हे सर्व धागे पुन्हा जुळवावयाचे काम सेविकेचे. पाडव्यानंतर आठव्या दिवशी रामनवमी येते आणि यात्रेचा भार त्याच सुमारास त्याच माणसांवर पडतो. चैत्रातले ऊन, पाण्याची टंचाई, जुलाब, उष्माघात, हरवलेली मुले, चेंगरलेले पाय! लाखोंच्या यात्रेसाठी बाहेरून पथके येतात हे खरे. परंतु पथके यात्रेबरोबर येतात आणि यात्रेबरोबर जातात. मागे राहिलेले काम उपसणारे हात तेच असतात. पदांची संख्या कायमच्या लोकवस्तीवरून ठरते आणि यात्रेकरू त्या लोकवस्तीत धरले जात नाहीत. राज्यातील प्रत्येक तीर्थक्षेत्राची ही कथा आहे.

महामारीच्या काळात हे फार कटू रीतीने दिसून आले. २१ फेब्रुवारी २०२१ रोजी मुख्यमंत्र्यांनी सामाजिक, धार्मिक व राजकीय गर्दीस मनाई जाहीर केली, आणि दोनच दिवसांनी पोहरादेवीस एका मंत्र्यांच्या आगमनानिमित्त हजारोंचा समुदाय जमला. त्यानंतर काही दिवसांतच तेथे बाधित माणसे आढळल्याच्या बातम्या आल्या. गर्दी जमविणाऱ्यांवर टीका झाली, गुन्हे नोंदविले गेले, विधानमंडळातही चर्चा रंगली. पण अशा गर्दीनंतर घरोघर फिरून ताप मोजणे, नाकातील नमुने घेणे, संपर्कात आलेल्यांचा माग काढणे आणि त्यापायी लोकांचे टोमणे ऐकणे हे काम त्या दिवसांत कोणी केले? परिचारिका, आरोग्य सेविका आणि आशा स्वयंसेविका यांनी. बाल्कनीत उभे राहून आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या आणि थाळ्या बडविल्या. साथ ओसरली तशा टाळ्याही थांबल्या. कराराने घेतलेल्या कित्येक परिचारिका कामावरून कमी झाल्या आणि ज्या राहिल्या त्यांच्या पाळ्यांत काही फरक पडला नाही.

आता या शिणाचा रुग्णावर काय परिणाम होतो ते पाहू, कारण ज्यांना परिचारिकेविषयी सहानुभूती वाटत नाही त्यांनाही स्वतःच्या जिवाची काळजी असतेच. अमेरिकेतील लिंडा एकन या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्यास येणाऱ्या रुग्णांत एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो, आणि परिचारिकेचे मन करपण्याचा संभव २३ टक्क्यांनी, असे त्यांस आढळले. ही दोन्ही फळे एकाच वेलीची आहेत. याच सुमारास कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याची मर्यादा घालून दिली आणि २००४ पासून ती अमलात आणली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांस १ आणि सामान्य रुग्णालयात ५ रुग्णांस १ परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव संख्या, असे प्रमाण फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या कक्षात एक रात्र काढली असेल, त्यांनी तेथील खाटा आणि खाटांमधील जमिनीवरच्या गाद्या आठवाव्यात, आणि हे प्रमाण कागदाबाहेर कितपत आले आहे ते स्वतःच ठरवावे.

मृत्यूची संख्या ही या हानीची शेवटची पायरी झाली. तिच्या आधी कितीतरी लहान पायऱ्या आहेत. सलाईनची बाटली संपल्याचे उशिरा दिसते, औषधाची मात्रा वाचताना डोळा चुकतो, पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणारी एखादी महत्त्वाची गोष्ट सांगावयास विसरते, खाटेवरच्या म्हाताऱ्याची कूस बदलावयाची राहते आणि त्याच्या पाठीस जखम होते. सर्वांत आधी ढळतो तो शब्द. “सिस्टर अंगावर येतात” ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे, आणि ती खोटी नाही. शहरातील सुशिक्षित माणूस अशा शब्दाने रागावतो आणि दुसरे रुग्णालय गाठतो. तांड्यावरच्या गरोदर मुलीस दुसरे रुग्णालय नसते. तिची बोली गोरमाटी, समोरची परिचारिका कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली. दोघींच्यामध्ये भाषेचा, रीतीचा, संकोचाचा पडदा आधीच असतो. त्यात एक कठोर शब्द पडला की ती मुलगी पुढच्या खेपेस केंद्राची पायरी चढत नाही, घरीच बाळंत होते, आणि मग कधी मध्यरात्री मानोऱ्याहून वाशीम, वाशीमहून अकोला अशी धावपळ करावी लागते. एका शिणलेल्या शब्दाची किंमत एवढी असू शकते.

यावर काही मंडळी म्हणतील, पूर्वीच्या परिचारिका काय कमी कष्ट करीत होत्या? त्यांनी कधी अशी कुरकूर केली नाही. सेवाभाव लोपला हेच खरे कारण! हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता देह ठेवला. महाराष्ट्र त्या स्मृतीपुढे नतमस्तक आहे. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने लोकापवाद सोसून मुलींना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ साली अत्याचाराने जायबंदी झालेल्या अरुणा शानबाग यांना तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, सख्ख्या माणसासारखे सांभाळले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या शुश्रूषेचा गौरव केला. ज्या व्यवसायाने अगदी अलीकडेपर्यंत हे करून दाखविले, त्याचा सेवाभाव आटला असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? त्याग ही व्यक्तीने स्वेच्छेने द्यावयाची गोष्ट आहे. सरकारने तो सेवाशर्तींत गृहीत धरला, म्हणजे त्याला वेठ म्हणतात. ‘सेवा’ या पवित्र शब्दाचा उपयोग रिक्त पदे झाकण्यासाठी होऊ लागला, तर त्या शब्दाचा याहून मोठा अवमान नाही.

आणि कसोटीच्या वेळी काय होते? ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षास आग लागून ११ रुग्ण दगावले, तेव्हा काही दिवसांतच एका वैद्यकीय अधिकारी महिलेबरोबर परिचारिकांनाही अटक झाली. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीवर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. एका खासदारांनी तेथे जाऊन अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावले आणि त्याची छायाचित्रे झळकली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हाच रिक्त पदांचा आणि औषधांच्या तुटवड्याचा मूळ प्रश्न नीट पुढे आला. या प्रकरणांत कोणाचा दोष किती, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. तथापि रुग्णाच्या सर्वांत जवळ जो हात असतो तोच आधी पकडला जातो, आणि ज्या हाताने पदभरतीची फाइल अडवून धरली तो मात्र कोणास दिसत नाही, हे या घटनांतून कोणाच्याही लक्षात येईल.

सरकारची बाजू अगदीच निराधार आहे असे नाही. आडगावी जावयास परिचारिका तयार होत नाहीत, वेतनाचा भार वाढतो, भरतीची प्रक्रिया न्यायालयांत अडकते, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु आडगावी निवासस्थान गळके, पाणी नाही, रात्री सोबतीस कोणी नाही, मुलांची शाळा दूर, आणि नेमणूक ११ महिन्यांच्या करारावर, असे असता तेथे कोणी का जावे? मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिका संपावर गेल्या. बाहेरच्या कंपनीमार्फत होऊ घातलेली कंत्राटी भरती हे त्यांच्या संतापाचे प्रमुख कारण होते. संपाने रुग्णांचे हाल होतात आणि त्याचे आम्ही समर्थन करीत नाही. पण ज्यांचे अर्ज वर्षानुवर्षे उत्तराविना पडून राहतात, त्यांच्या हाती दुसरे कोणते साधन आपण ठेवले, हेही विचारावयास हवे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. आमच्या मुली परदेशी जाऊन मानाने चार पैसे मिळवोत, त्यास आमचा आशीर्वादच आहे. परंतु जर्मन रुग्णाच्या उशाशी महाराष्ट्राची परिचारिका आणि मानोऱ्याच्या बाळंतिणीच्या उशाशी रिकामी खुर्ची, अशी वाटणी व्हावयाची असेल तर राज्यकर्त्यांनी ती उघडपणे सांगावी.

आमच्या शहरी, सुस्थितीतील वाचकांसही या प्रकरणी हात झटकता येणार नाहीत. आपण ज्या खासगी रुग्णालयांत हजारोंची बिले भरतो, तेथील परिचारिकेस त्यातील किती मिळते? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितले, की ५० खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन असावे. आपल्या ओळखीच्या रुग्णालयात हे पाळले जाते काय, असा प्रश्न बिल भरताना कितीजणांनी विचारला? परिचारिकांवर हात उगारणाऱ्यांसाठी राज्याने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करावा लागला, ही समाज म्हणून आपल्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

उपाय अज्ञात नाहीत. पहिला म्हणजे पदे लोकवस्तीबरोबर अंतर, स्थलांतर आणि यात्रा यांच्या मापानेही मंजूर करावीत आणि ३० टक्के राखीव संख्या कागदावरून प्रत्यक्षात आणावी. दुसरा, यात्रेच्या काळात जादा काम करणाऱ्या स्थानिक परिचारिकांना त्यानंतर बदली रजा सक्तीने द्यावी, आणि त्या रजेत त्यांच्या जागी माणूस असावा. तिसरा, वहीतली नोंद संगणकावर उतरविण्याचे कारकुनी काम तिच्यावरून काढून घ्यावे. परिचारिकेच्या हाताची जागा रुग्णाच्या नाडीवर आहे. चौथा, राहण्यासारखे घर, रात्रीची सोबत आणि पाळणाघर या गोष्टी सवलती न मानता सेवेची साधने मानाव्यात. पाचवा, प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर मंजूर पदे किती आणि भरलेली किती याचा फलक लावावा, म्हणजे रागावलेल्या नातेवाइकास आपला राग कोणावर काढावयाचा हे तरी कळेल. वाशीम हा नीती आयोगाने आकांक्षित ठरविलेला जिल्हा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथे सुरू झाले. डॉक्टर घडविण्याच्या या उत्साहास परिचारिका टिकविण्याच्या विवेकाची जोड मिळाली नाही, तर नव्या इमारतींतही जुनेच हाल चालू राहतील.

पोहरादेवीच्या विकासासाठी सरकारने सढळ हाताने पैसा खर्च केला आहे. त्याच पंचक्रोशीत रात्रपाळीवरची परिचारिका एकटी नसावी, तिला आठवड्याची सुट्टी मिळावी आणि सकाळी तिच्या जागी येणारी दुसरी वेळेवर यावी, एवढ्यासाठी लागणारा पैसा त्यामानाने फार थोडा आहे. पुढील रामनवमीच्या आत मानोरा तालुक्यातील रिक्त पदांची यादी सरकारने जाहीर करावी आणि ती भरण्याची तारीखही सांगावी. यात्रेस येणारे लाखो भाविक आणि तांड्यांवर राहणाऱ्या आयाबहिणी यांच्या वतीने आमची ही मागणी आहे.